रद्द केलेली राईड

१२ ऑगस्ट, सोमवार

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर पहिलीतले. उजव्या मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू. आज रुग्णालयातून सुनंदाअक्कांच्या घरी, जयनगरला, माझ्या भाड्याच्या वरच्या खोलीत परत आले. एवढे लिहायला अर्धा तास लागला. पुरे.

१४ ऑगस्ट, बुधवार

झाले ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण खरे अजून कोणालाच सांगितलेले नाही.

गुरुवारी सकाळी कार्यालयात लवकर पोहोचायचे होते, म्हणून बस सोडून अ‍ॅपवर टॅक्सी मागवली. चालकाचा फोन आला: मॅडम, राईड कॅन्सल करा, तेवढेच पैसे हातात द्या. अनोळखी माणसाशी फोनवर वाद घालण्यापेक्षा होकार देणे मला नेहमीच सोपे जाते. कॅन्सल केली. बसले. उन्नत मार्गावरून इलेक्ट्रॉनिक सिटीत उतरताना त्याने क्षणभर फोनकडे पाहिले. पुढे मालाचा टेम्पो थांबलेला. मागचा सीटबेल्ट सीटखाली दडपलेला होता. मी हात पुढे केला, आणि टॅक्सी टेम्पोवर आदळली.

चालकाचे नाव मंजुनाथ. त्यानेच रुग्णालयात नेले, माझा डबा आणि पिशवी धरून दाराशी उभा राहिला. डॉक्टर येण्यापूर्वी एकच म्हणाला, "पोलिस केस बेडा अक्का, प्लीज." नको, एवढेच. डॉक्टरांनी विचारले, कसे झाले. मी म्हणाले, पायऱ्यांवरून पडले. राहत्या घराच्या. पावसाने ओल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर चप्पल निसटली.

तिसरी कोणी विचारली होती? दोन गुणांच्या प्रश्नाला पाच गुणांचे उत्तर लिहिण्याची सवय.

बाबांना फोनवर पायऱ्याच. अक्कांनाही पायऱ्याच.

१८ ऑगस्ट, रविवार

अक्कांनी जिन्यावर काथ्याची पायपुसणी खिळ्यांनी ठोकून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझ्या पायरीनं पोरीचा हात मोडला. समोरच्या बाईंनाही आज सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी अक्का निपाणीहून येथे आल्या. तेव्हापासून या जिन्यावरून कोणी पडले नव्हते, हेही सांगतात. तिसऱ्या पायरीपाशी थांबून तिच्याकडे पाहतात. मला वर बसून हे सारे ऐकू येते.

मंगळवारी गवंडी बोलावला आहे. पायऱ्यांना छिन्नीने टोचे मारून त्या खरखरीत करायच्या आहेत.

२० ऑगस्ट, मंगळवार

सांगितले.

गवंडी छिन्नी काढून बसला होता. मी वरूनच म्हणाले, "अक्का, पायऱ्यांचा दोष नाही." मग खाली उतरून उरलेले. अक्का गवंड्याला कन्नडमध्ये म्हणाल्या की आलाच आहेस तर मागच्या न्हाणीची फरशी बसव. आणि मला,

"बारा दिवस मी त्या पायरीला शिव्या घालतोय, आणि तू वर बसून ऐकतीस?"

मी रडले. त्यांनी उप्पिटाची बशी पुढे ठेवली. "आता स्वल्प खाऊन घे. रडून हाड जुळत नाही." थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "हे गाडीचं इन्शुरन्स इन्शुरन्स म्हणतात, ते मग कशाला असतंय?"

मला माहीत नव्हते. बी.ए.ला विद्यापीठात दुसरी आलेली मी, आणि मला माहीत नव्हते.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

अ‍ॅपच्या अटी वाचल्या. सगळ्या. गेले वर्षभर अशाच अटींचे मराठी तपासण्याची नोकरी मी करते, आणि ज्या अ‍ॅपने अधूनमधून फिरते त्याच्या मात्र कधी वाचल्या नव्हत्या. प्रवाशाला प्रवासादरम्यान विमा आहे. शस्त्रक्रियेचा खर्चही त्यात येतो. उडी मारावीशी वाटली. मग पुढची ओळ: प्रवास सुरू झाल्याची नोंद असली पाहिजे.

माझी नोंद रद्द.

तरीही पत्र लिहिले. एका बोटाने टंकलेले, पण एकही चूक नाही. नोकरी कंत्राटी असल्याने कार्यालयाचा विमा मला नाही. रुग्णालयाचे बिल मी ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी साठवलेल्या पैशांतून भरले आहे.

२९ ऑगस्ट, गुरुवार

नकार आला.

दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचताना उभीच राहिले. त्यांनी लिहिले आहे की अमुक तारखेला, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, अमुक क्रमांकाच्या टॅक्सीची, मंजुनाथ या चालकाची आपली राईड, चालक आपल्या ठिकाणी पोहोचल्यानंतर, आपण स्वतः रद्द केली. रद्द करण्याचे आपण निवडलेले कारण: 'चालकाने रद्द करण्यास सांगितले'. म्हणून विमा लागू नाही.

हे कारण मी निवडले होते! पाच पर्यायांपैकी खरा कोणता, हे पाहून मी सवयीने बरोबर उत्तरावर खूण केली होती आणि विसरून गेले होते. आता माझ्या हातात एक कागद आहे, आणि तो म्हणतो की त्या सकाळी ती टॅक्सी, तो माणूस आणि मी एका दारात होतो. नकार देताना त्यांनी मला पुरावा दिला.

अक्कांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "नाही म्हणून लिवलंय, आणि तू हसतीस काय?"

१ सप्टेंबर, रविवार

मोटार वाहन कायदा वाचते आहे. कथा वाचावी तसा. पुढच्या कलमात काय असेल याची घाई होते. उपकलमे, परंतुके, 'अन्यथा तरतूद नसेल तर'. किती काळजीपूर्वक बांधलेली वाक्ये आहेत! एका परंतुकावर अर्धी सकाळ गेली आणि जेवणाची आठवण राहिली नाही.

मला जे कळले ते असे. विमा अ‍ॅपचा असतो तसा गाडीचाही असतो, आणि गाडीचा सक्तीचा. प्रवासी वाहनाच्या विम्यात आतला प्रवासी धरलेला असतो. राईड अ‍ॅपवर होती की हातात पैसे देऊन, हे त्या विम्याला विचारायचेच नाही. अपघात झाला, त्या गाडीने झाला, मी आत होते: एवढे सिद्ध झाले की दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज. मुदत सहा महिने. भरपाई विमा कंपनी देते. चालकाची कागदपत्रे ठीक असतील तर त्याच्या खिशाला हात लागत नाही.

म्हणजे मी मंजुनाथला ज्यापासून वाचवायला खोटे बोलले, त्यापासून कायद्याने त्याला आधीच वाचवले होते. आणि आम्हां दोघांनाही हे ठाऊक नव्हते.

उद्या त्याला फोन करणार. काय बोलायचे ते हिंदीत लिहून काढले आहे. अकरा वाक्ये.

५ सप्टेंबर, गुरुवार

सोमवारचा फोन आज झाला. अकरांपैकी दोनच वाक्ये बोलता आली, पण तो आला. चौथ्या ब्लॉकच्या थांब्यावर टॅक्सी लावून उभा. नवा बंपर. त्याने प्रथम माझा हात पाहिला आणि खाली पाहिले.

मी कायदा समजावला. तो ऐकत होता. मग मी विचारले, विम्याचा कागद आहे का. डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. मी तेथेच, रस्त्यावर उभी राहून, पॉलिसी पहिल्या पानापासून वाचली. मुदत चालू. प्रवासी धरलेले. परवाना चालू. बॅज चालू. गाडीही त्याच्याच नावावर. मला इतका आनंद झाला की मी त्याला म्हणाले, सगळे ठीक आहे, तुमचे काहीच जाणार नाही.

तो हसला नाही. म्हणाला, पैशाचे ठीक. पण गुन्हा नोंदला की अ‍ॅपवाले चालकाची तपासणी करतात. नाव निघाले की आयडी बंद. रद्द करण्याच्या त्या कारणावरून मागच्या महिन्यात तीन दिवस बंद झालाच होता. मग एकदम,

"अ‍ॅप में सच लिखा, हॉस्पिटल में झूठ. उल्टा करना था ना, मॅडम."

कायद्यात आयडीचे कलम नाही. मी पुस्तकात शोधले, आल्यावर पुन्हा शोधले.

जाताना त्याने विचारले, हात पूर्ण बरा होईल ना. मी तळवा वर करून दाखवायला गेले. अर्ध्यातच अडकतो.

८ सप्टेंबर, रविवार

काल अक्कांकडे गणपती बसले. डाव्या हाताने मोदकांना पाकळ्या पाडल्या. अक्का म्हणाल्या, देवाला चालतील, पाहुण्यांना नकोत.

आज बाबांना खरे सांगितले. बाबा वाशिमच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक. तीस वर्षे अपघातांचे अहवाल त्यांच्या टेबलावरून गेले आहेत. मी सांगत गेले. मग,

"गाडीचा नंबर घेतला का?"

घेतला, म्हणाले.

"ठीक. अपघाताचा अहवाल त्याच दिवशी लिहायचा असते. तुला तर महिना झाला. आता जे लिहिशील, त्यात उशीर कायले झाला ते पहिले लिही. लपवू नको. लपवलेलं पहिले सापडते."

नंतर आई फोनवर आली आणि पुष्कळ रागावली. पण बाबांचे वाक्य मी तसेच उतरवून घेतले आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

वाहतूक पोलिस ठाणे. अक्का सोबत. त्यांनी इरकली नेसली होती, लग्नाला निघाल्यासारखी.

फिर्याद मी इंग्रजीत लिहून नेली होती, तीन पाने. ठाणे अंमलदारांनी पहिले पान वाचले आणि म्हणाले की रुग्णालयाचा कागद पायऱ्या म्हणतो, आता टॅक्सी कशी आली? अक्का कन्नडमध्ये बोलू लागल्या. भराभर, हातवारे करून. मला फक्त 'मेट्टिलु' कळत होते, पायरी, पुन्हा पुन्हा. अंमलदारांनी हात वर केला: अज्जी, तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या.

मग मला बोलावे लागले. कागदाकडे पाहू लागले तर म्हणाले, कागद माझ्याकडे आहे, तुम्ही सांगा.

सांगितले. इंग्रजी, हिंदी, मध्ये कन्नडचा एक शब्द. 'मी खोटे बोलले' हे इंग्रजीत दोनदा म्हणावे लागले. त्यांनी टोलनाका ओलांडल्याची वेळ विचारली, ती मला पाठ होती. अ‍ॅपचे पत्र दिले. ते त्यांनी दोनदा वाचले आणि बाजूच्या शिपायाला दाखवून काहीसे हसले.

गुन्हा नोंद झाला. प्रत माझ्या पिशवीत आहे. वाटेत अक्कांनी कॉफी पाजली. म्हणाल्या, मी येवढं चांगलं बोलत होतो आणि मलाच गप बसवला.

पहिलीत प्रथमच फळ्यावर गणित सोडवले होते, तो दिवस आठवला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अपघाताच्या जागी पंचनामा झाला. मंजुनाथ आला होता. पोलिसांनी विचारले, अपघात झाला का. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, झाला. मला वाटले होते, नाकारेल.

त्याचा आयडी अजून चालू आहे. कुठपर्यंत, ठाऊक नाही. हे लिहिताना आनंद अर्धा होतो.

रुग्णालयातही गेले. डॉक्टर म्हणाले, कागद बदलता येणार नाही, तुम्ही सांगितले तेच मी लिहिले. बरोबरच आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे कलम मीच शोधून काढले, आणि आज वकील मिळाल्या. शैलजा मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात, बोलणे तुटक. आमचे इंग्रजीत चालते. त्यांचे भराभर, माझे मोजून.

मी बावीस पानांची टिपणे नेली होती, कलमवार, रंगीत शाईने. त्यांनी चाळली. "फार सुंदर. आता ही घरी ठेवा." मग पायऱ्यांचा कागद मागितला. तिसऱ्या पायरीवर त्यांचे बोट थांबले. "हे कोणी सुचवलं?" मी म्हणाले, कोणीच नाही. "मग एवढा तपशील कशाला?" मी म्हणाले, उत्तर पूर्ण वाटावे म्हणून.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. हसल्या असाव्यात.

एक इशारा दिला. चालकाने अपघात मान्य केला ही चांगली गोष्ट आहे आणि वाईटही. विमा कंपनी म्हणेल, दोघांचे संगनमत आहे. यापुढे त्याला भेटायचे नाही, फोन नाही. थांब्यावर उभे राहून त्याची पॉलिसी वाचली, हे कोणी पाहिले असेल तर तेही विचारतील. विचारले तर खरे सांगा, पण नवीन काही घडवू नका.

म्हणजे त्याच्या आयडीचे काय झाले, हेही आता विचारता येणार नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

अर्ज दाखल. मुदतीच्या आत, अडीच महिने राखून. 'अर्जदार' या शब्दापुढे माझे पूर्ण नाव: अश्विनी, बाबांचे नाव, आडनाव. पहिला प्रतिवादी मंजुनाथ, दुसरी विमा कंपनी. शिक्का पडताना पाहत राहिले. शैलजा मॅडम पुढच्या कामाला निघूनही गेल्या होत्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

विमा कंपनीचा जबाब आला. मी तो बसमध्येच उघडला.

त्यांचे म्हणणे असे की असा अपघातच झाला नाही. अर्जदार राहत्या घराच्या जिन्यावरून पडली. पाच आठवड्यांनी, ओळखीच्या टॅक्सीचालकाशी संगनमत करून, तिने खोटी फिर्याद दिली. माझ्याविषयी इतके ठाशीव खोटे कोणी लिहिले नव्हते. राग यायला हवा होता. पण परिच्छेद पाच वाचताना माझ्या लक्षात आले की यांचा सगळा डोलारा एकाच कागदावर उभा आहे, आणि तो कागद मी बोलून लिहवला आहे. म्हणजे तो पाडता येईल तर मलाच. बसमध्ये माझा उतरण्याचा थांबा गेला. दोन थांबे मागे चालत आले आणि पूर्ण वाट मनात उत्तर देत होते.

हाडाचे डॉक्टर म्हणतात, पट्टी अंगठ्याच्या स्नायुबंधाला घासते. दुसरी शस्त्रक्रिया लागेल, वर्षाच्या आत. न केल्यास बंध तुटू शकतो. अंगठ्याशिवाय टंकन कसे करायचे? भरपाई मिळाली तर त्यातून करायची. न मिळाली तर बाबा भविष्यनिर्वाह निधी काढू म्हणतात. मी नको म्हणाले आहे. म्हणजे आता सगळे एका प्रश्नावर आले: मी त्या टॅक्सीत होते, हे न्यायाधिकरण मानणार का.

१५ एप्रिल, मंगळवार

सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र आज झाले. साक्ष लेखी देता येते, हे कळल्यापासून मी आनंदात होते. चौदा परिच्छेद, माझी वाक्ये, शैलजा मॅडमनी फक्त सहा ठिकाणी रेघ मारली. पायऱ्यांविषयी बोललेले खोटे चौथ्या परिच्छेदात, उशिराचे कारण पाचव्यात. बाबांनी सांगितले होते तसे, न लपवता.

मग त्या म्हणाल्या, हे सोपे होते. उलटतपासणी तोंडी असते. तेथे कागद नाही, टिपण नाही. समोरचा वकील विचारेल आणि तुम्ही त्याच क्षणी बोलायचे.

मी म्हणाले, संभाव्य प्रश्नांची यादी केली आहे. सदुसष्ट.

"अडुसष्टावा विचारतील," त्या म्हणाल्या.

२ मे, शुक्रवार

अक्कांबरोबर सराव. अक्का विमा कंपनीच्या वकील. खुर्चीवर बसून, पदर खोचून.

"पायरीवरनं पडलीस की टॅक्सीतनं?"

टॅक्सीत होते.

"मग माझ्या पायरीला खोटं का पाडलंस?"

अक्का, हा प्रश्न ते विचारणार नाहीत.

"मी विचारतोय की."

यापुढे सराव झाला नाही. हसून अक्कांना ठसका लागला. पण माझ्या लक्षात आले की मी त्यांना लगेच, न थांबता उत्तर दिले होते.

१७ जून, मंगळवार

आज.

मागाहून विसरेन म्हणून लगेच लिहिते आहे, न्यायालयाच्या आवारातल्या दगडी कट्ट्यावर. अक्का शेजारी डबा उघडत आहेत.

व्हरांड्यात मंजुनाथ होता. खाकी शर्ट, इस्त्रीचा. आम्ही बोललो नाही. तो भिंतीकडे पाहत होता, मी फलकावरची प्रकरणांची यादी वाचत होते. शेजारच्या एका चालकाने त्याला विचारलेले ऐकू आले, हल्ली कोणती गाडी. तो म्हणाला, शाळेची व्हॅन, आणि रविवारी भाडे मिळाले तर टॅक्सी. म्हणजे आयडी गेला. केव्हा, कशाने, विचारता आले नाही.

मग माझे नाव पुकारले. पिंजऱ्यात उभे राहायचे असते, बसायचे नाही. न्यायाधीशांनी विचारले, कोणत्या भाषेत बोलाल, दुभाषी हवा का. मी म्हणाले, इंग्रजीत बोलेन, पण सावकाश. ते म्हणाले, सावकाशच बरे, मला लिहून घ्यायचे असते.

विमा कंपनीचे वकील तरुण, अत्यंत नम्र. नम्रतेची मी तयारी केली नव्हती. माझी नोकरी, माझे शिक्षण, शाळेत मी नेहमी पहिली येत होते का. हो. मग तुम्हांला खोटे आणि खरे यांतला फरक चांगलाच ठाऊक असणार. हो. सीटबेल्ट लावला होता का. नाही, तो सीटखाली होता. शोधला का. नाही. चालकाला अपघातानंतर भेटलात का. हो, एकदा, चौथ्या ब्लॉकच्या थांब्यावर, आणि पंचनाम्याला. फोन? एक. त्याची पॉलिसी तुम्ही रस्त्यावर उभ्या राहून वाचलीत? हो, पूर्ण. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले.

आणि मी बोलत होते! वाक्ये येत होती. कर्ता, कर्म, क्रियापद, एकामागून एक, न लिहिता. न्यायाधीश लिहून घेत होते आणि त्यांचे लिहून होईपर्यंत मी थांबत होते, श्रुतलेखन घालणाऱ्या बाईंसारखी. एकदा लघुलेखिकेने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला शाळेतले कोणतेही बक्षीस घेताना असे वाटले नव्हते.

मग त्यांनी रुग्णालयाचा कागद वाचला. ओल्या पायऱ्या. तिसरी पायरी. चप्पल. न्यायालयात कोणीतरी हसले. वकिलांनी कागद खाली ठेवला.

"डॉक्टरांना हे सांगायला तुम्हांला चालकाने सांगितलं होतं का? फक्त हो किंवा नाही."

मी तोंड उघडले. तेवढ्यात न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिले. दुपारनंतर त्यांना दुसरीकडे जायचे होते. उर्वरित उलटतपासणी पुढील तारखेस. तीन जुलै. प्रश्न नोंदवला गेला, उत्तर नाही.

शैलजा मॅडम बाहेर आल्या. मी विचारणार, तर त्यांनी हात वर केला. उलटतपासणी अर्धी असताना साक्षीदाराशी त्या या प्रश्नावर बोलू शकत नाहीत. "पाणी प्या," एवढेच म्हणाल्या, आणि खांद्यावर हात ठेवला.

१८ जून, बुधवार

कामात लक्ष नाही. दोन तासांत अ‍ॅपच्या एका पडद्याचे मराठी तपासले.

'हो' म्हटले तर ते म्हणणार, पाहा, पहिल्या दिवसापासून दोघांचे ठरलेले होते. 'नाही' म्हटले तर म्हणणार, पाहा, कोणी न सांगता ही मुलगी पायऱ्या मोजून खोटे रचते, आता टॅक्सीही रचली असेल. त्याने केस नको म्हटले होते, हे खरे. पायऱ्या माझ्या होत्या, हेही खरे. मी त्या सांगत असताना तो दाराशी उभा होता आणि त्याने ऐकून मान खाली घातली, हेसुद्धा. हे सगळे एका शब्दात कसे जाईल? मला वाटते, मी न्यायाधीशांना म्हणेन की मला तीन वाक्ये हवी आहेत. ते देतील की नाही, ठाऊक नाही. दिली तरी मानतील की नाही, ठाऊक नाही.

बाबांचा फोन झाला. काल काय काय विचारले, सगळे ऐकून घेतले. शेवटचा प्रश्नही सांगितला. मग म्हणाले, पंधरा दिवस आहेत, चांगलं उत्तर लिहून काढ, मी पाहून देतो.

मी म्हणाले, नको.

आईने फोन घेतला आणि विचारले, आवाज असा का येतोय, ताप आहे का. ताप नाही. कालपासून असेच होते आहे. जिना चढताना, बसमध्ये, चहा गाळताना ती तीन वाक्ये येतात, दर वेळी निराळी, आणि छातीत धडधडते. परीक्षेच्या आधी धडधडायचे तसे नाही. तेव्हा उत्तर विसरेन याची भीती असायची.

ती तीन वाक्ये येथेही लिहिणार नाही. लिहिली की मला पाठ होतात, आणि तिसऱ्या पायरीसारखी पूर्ण होतात. तीन जुलैपर्यंत ही वही कपाटात ठेवते आहे.